मंडळाच्या डिजिटल प्रकाशनांचा ऑनलाइन कॅटलॉग: नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आपलं मंडळ सोलापूरच्या स्थानिक इतिहासाचं. अंक, स्मरणिका, व्याख्यानांच्या पुस्तिका, रेकॉर्डिंग असं बरंच काही आता ऑनलाइन गेलंय आणि त्याचा कॅटलॉग सांभाळायचं काम आम्हा दोन-चार जणांकडे आहे. तेच तेच प्रश्न फोनवर, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा विचारले जातात म्हणून एकदाचं लिहून टाकलं. दुसऱ्या कुठल्या मंडळाला, वाचनालयाला उपयोग झाला तर घ्या बिनधास्त.

पीडीएफ तर सगळ्या ड्राइव्हवर आहेत, मग कॅटलॉग वेगळा कशाला?

कारण ड्राइव्हवर काय आहे ते फक्त टाकणाऱ्याला माहीत असतंय. बाहेरचा माणूस, समजा अक्कलकोटचा एखादा एमएचा विद्यार्थी, त्याला गिरणी कामगारांच्या चाळींवर काही पायजे, तो फोल्डर उघडणार, आत 'अंक नवीन', 'अंक नवीन फायनल', 'स्कॅन ००३' असं दिसणार आणि तो परत जाणार. त्याला पायजे असलेला लेख १९८० च्या दशकातल्या कुठल्यातरी अंकाच्या मधल्या पानांवर आहे हे त्याला कळणार कसं? कॅटलॉग म्हणजे हे सांगणारी यादी. फाइल कुठे ठेवलीय हा त्यातला एक रकाना झाला, बाकी सगळे रकाने 'आत काय आहे' याचे. नोंद शोधणाऱ्याच्या डोक्याने करायची, ठेवणाऱ्याच्या नाही, एवढं पटलं की खालची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

कॅटलॉगमध्ये काय घ्यायचं, काय नाही?

मंडळाने छापलेलं किंवा डिजिटल काढलेलं सगळं घ्यायचं. अंक, पुस्तिका, स्मरणिका, व्याख्यानांचा ऑडिओ, प्रदर्शनाचे फलक सुद्धा. निमंत्रणपत्रिका घ्यायच्या का यावर आमच्यात दोन तट आहेत. माझं मत घ्याव्यात, कारण कुठल्या साली कोण वक्ता आला होता याचा पुरावा बऱ्याच वेळा तेवढाच शिल्लक असतोय. सभेची इतिवृत्तं, हिशोब, पावत्या हे प्रकाशन नव्हे, ते ऑफिसच्या कपाटात राहू दे.

सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? कोणीतरी कोहा सांगितलं, कोणी डीस्पेस.

दोन्ही चांगले आहेत आणि दोन्ही फुकट आहेत, पण फुकट म्हणजे बिनखर्चाचे नाहीत ओ. कोहा हे न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी १९९९ साली बनवायला घेतलेलं सॉफ्टवेअर, पुस्तकं देणं-घेणं, सभासद, दंड असला सगळा लायब्ररीचा कारभार त्यात येतोय. आपल्याला देणं-घेणं करायचंच नाही तर तो सगळा पसारा कशाला. डीस्पेस हे एमआयटी आणि एचपीने मिळून २००२ मध्ये आणलेलं, ते खास डिजिटल कागदपत्रांसाठीच आहे, विद्यापीठं वापरतात, पण त्याला सर्व्हर लागतो, अपडेट लागतात, आणि रात्री बंद पडलं तर उठून बघणारा माणूस लागतो. असा माणूस मंडळात असेल आणि तो पुण्याला नोकरीला जाणार नसेल तर जरूर घ्या.

बाकीच्यांनी सरळ गूगल शीटवर सुरुवात करावी. हसू नका. पाचशे-हजार नोंदींपर्यंत शीट मस्त चालतंय, चार जण एका वेळी भरू शकतात, कोणी काय बदललं ते दिसतं आणि उद्या डीस्पेस किंवा ओमेका (तसलंच एक कॅटलॉगचं सॉफ्टवेअर) घ्यायचं झालं तर सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची साधी तक्त्याची फाइल, काढून तिकडे चढवता येतं. रकाने आधीपासून नीट ठेवले असतील तरच, हं. सॉफ्टवेअर बदलत राहणार, रकाने एकदाच नीट ठरवा.

मग रकाने कुठले ठेवायचे?

नवीन काही शोधायची गरज नाही. डब्लिन कोअर म्हणून एक पद्धत आहे, १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावात बैठक झाली म्हणून हे नाव, आयर्लंडचा काही संबंध नाही. त्यात मूळ १५ गोष्टी आहेत: शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहभागी, तारीख, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, स्रोत, भाषा, संबंधित, व्याप्ती आणि हक्क. पंधराच्या पंधरा भरायची सक्ती नाही. आम्ही शीर्षक, निर्माता, तारीख, विषय, वर्णन, भाषा, ओळखक्रमांक आणि हक्क एवढे कंपल्सरी ठेवलेत, बाकीचे असले तर.

'व्याप्ती' हा रकाना लोक सोडून देतात आणि तोच आपल्यासारख्यांना सगळ्यात कामाचा. लेख कुठल्या जागेबद्दल आणि कुठल्या काळाबद्दल आहे ते त्यात येतंय. छापला २००५ मध्ये, पण विषय १९३० चा मार्शल लॉ, तर तारखेत २००५ आणि व्याप्तीत 'सोलापूर शहर, १९३०'. हे वेगळं ठेवलं नाही तर १९३० शोधणाऱ्याला तो लेख कधीच दिसणार नाही.

वर्णन दोन-तीन ओळींचं, साधं. 'या अभ्यासपूर्ण लेखात लेखकाने विषयाचा परामर्श घेतला आहे' असलं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. कोण, कुठे, कधी, आत फोटो आहेत का नकाशा आहे, कोणाची मुलाखत आहे ते लिहा.

अख्ख्या अंकाची एक नोंद करू का प्रत्येक लेखाची?

दोन्ही. अंकाची एक मुख्य नोंद आणि त्याखाली प्रत्येक लेखाची छोटी नोंद, 'संबंधित' रकान्यात अंकाचा क्रमांक टाकून जोडलेली. काम तिप्पट होतंय, मान्य आहे, पण लोक अंक शोधत नाहीत, लेख शोधतात. वेळ नसेल तर निदान अंकाची अनुक्रमणिका वर्णनात टाइप करून टाका.

जुन्या अंकावर फक्त शके आहे, इसवी सन नाही. काय लिहायचं?

शकात ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. पण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि सन एक जानेवारीला, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या अंकाला ७९ मिळवायचे. आश्विन शके १८५२ म्हणजे १९३०, पण माघ शके १८५२ म्हणजे १९३१. पौष महिना डिसेंबर-जानेवारीवर पसरलेला असतोय, तिथे जुनं पंचांग बघितल्याशिवाय लिहू नका. अंकावर जे छापलंय ते जसंच्या तसं एका रकान्यात आणि काढलेला सन दुसऱ्या रकान्यात ठेवा.

अजून एक, क्रमवारी लावायच्या रकान्यात वर्ष इंग्रजी आकड्यांतच टाका. देवनागरी आकडे दिसायला छान, पण शीट त्याला मजकूर समजून बसतंय आणि मग गाळणी (फिल्टर), बेरीज, क्रम सगळं घोटाळतं. वाचकाला दिसणाऱ्या पानावर देवनागरी दाखवा की.

लेख आहे हे मला माहितीय, तरी सर्च केल्यावर येत नाही. असं का?

या प्रश्नासाठी खरं तर वेगळं पान काढायला पायजे. कारणं बरीच आहेत.

पहिलं कारण फॉन्ट. युनिकोड (कुठल्याही मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) सगळीकडे रुळण्याआधीचे बहुतेक अंक श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. पीडीएफ उघडली की मराठी झकास दिसतंय, पण त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, काहीतरी रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ येईल. कॉम्प्युटरला तीच भेळ दिसते, मराठी नाही, मग सर्च कशावर करणार? अशा फाइलींसाठी मूळ पेजमेकरची फाइल मिळाली तर कन्व्हर्टरने युनिकोड करा, नाही मिळाली तर पानांचं चित्र करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून वाचून घ्या. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, त्यामुळे निदान शीर्षक आणि लेखकांची नावं हाताने तपासा.

दुसरं कारण फसवं आहे. युनिकोडमध्ये सुद्धा तेच अक्षर दोन प्रकारे टाइप होतंय. 'ॲडव्होकेट' मधला ॲ हे एकच अखंड अक्षर आहे, युनिकोडमध्ये ते २००८ मध्ये आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे आणि कित्येक कीबोर्ड अजून तसंच करतात. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे. तसंच 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांचा' मधला अर्धा र. तो एक तर नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने करतात, नाहीतर साध्या र ला पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्यांवरचा लेख एकाने असा टाइप केला, शोधणाऱ्याने तसा, तर दोघांची गाठ पडत नाही. उपाय म्हणजे भरताना एकच रूप ठरवायचं, आमच्याकडे अखंड ॲ आणि नुक्त्याचा ऱ ठरलंय, आणि महिन्यातून एकदा अख्ख्या शीटवर फाइंड-रिप्लेस मारायचं.

तिसरं कारण नावंच अनेक आहेत. जुन्या कागदांत 'शोलापूर', इंग्रजीत तर कित्येक वर्षं तसंच, आता 'सोलापूर'. जत्रेला कोणी सिद्धेश्वर यात्रा म्हणतो, कोणी गड्डा यात्रा, कोणी नुसतं गड्डा. मिलचं कागदोपत्री नाव सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, पण इथला माणूस 'जुनी मिल' असंच टाइप करणार, आणि लेखात 'जुनी गिरणी' असणार. म्हणून विषयाच्या रकान्यासाठी एक ठरावीक शब्दांची यादी करा, एका गोष्टीला एक मुख्य शब्द आणि बाकीची नावं 'पर्यायी नावं' अशा वेगळ्या रकान्यात. वाचकाला तो रकाना दिसला नाही तरी चालतंय, सर्चला दिसला पायजे. विद्यापीठाचं पण तसंच, २००४ ला सुरू झालं तेव्हा नुसतं सोलापूर विद्यापीठ, २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. २०१० च्या अंकात जुनंच नाव छापलेलं असणार, ते बदलायचं नाही, नवीन पर्यायी नावांत घालायचं.

तेलुगू, कन्नड, उर्दू लेखांचं काय?

सोलापूरच्या मंडळाला हा प्रश्न येणारच. शहराच्या पूर्व भागातल्या स्मरणिकांत अर्धे लेख तेलुगू असतात. शीर्षक मूळ लिपीत लिहायचं, शेजारी देवनागरीत उच्चार आणि वर्णन मराठीत. भाषेच्या रकान्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असं ठरलेलंच नाव टाका, एकाने 'तेलगू' आणि एकाने 'तेलुगु' केलं की गाळणी लावताना निम्म्या नोंदी गायब. मूळ लिपी ज्याला वाचता येते त्यानेच टाइप करावी, अंदाजाने उतरवलेलं नाव त्या घरच्या माणसांनी बघितलं की वाईट दिसतंय.

लेखकाचं नाव कसं भरायचं?

आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. 'प्रा.', 'डॉ.', 'ह.भ.प.' हे नावाच्या रकान्यात नको, नाहीतर यादीत 'डॉ.' खाली पन्नास माणसं जमतात. पण सन्मान राहिला पायजे हे पण खरं, एका ज्येष्ठ सरांनी माझ्या नावापुढचं डॉक्टर कुठे गेलं म्हणून विचारलं होतं, बरोबर आहे त्यांचं, तर त्यासाठी 'जसं छापलंय तसं' असा रकाना आहे आणि वाचकाला तोच दिसतोय. लग्नाआधीच्या नावाने लिहिलेल्या ताईंच्या दोन्ही नावांची जोड ठेवा, मात्र त्यांना विचारून.

स्कॅन किती डीपीआयला करायचं?

३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते माप), रंगीत. अक्षर बारीक असेल तर ४००. एफोरचं एक रंगीत पान ३०० डीपीआयला टिफमध्ये (चित्र न दाबता, जसंच्या तसं ठेवणारी फाइल) सुमारे २५ एमबी होतंय, म्हणजे ६४ पानी अंक दीड जीबीच्या वर जातोय आणि गूगलची फुकट जागा १५ जीबी, ती पण मेल आणि फोटोसकट. म्हणून टिफ हार्डडिस्कवर ठेवायचं आणि वाचकासाठी हलकी पीडीएफ करायची. पीडीएफ सेव्ह करताना पीडीएफ-ए हा पर्याय दिसला तर तो घ्या, जपून ठेवायच्या फाइलींसाठीचंच ते स्टँडर्ड आहे, फॉन्ट फाइलीच्या आतच राहतात. मोबाइलच्या ॲपने काढलेलं स्कॅन तातडीला ठीक, पण पानाची कड वाकडी येते आणि ओसीआरची वाट लागते.

फाइलला नाव काय द्यावं?

इंग्रजी छोटी अक्षरं, मध्ये स्पेस नाही, वर्ष-प्रकार-क्रमांक. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात बंद.

आयएसबीएन, आयएसएसएन, डीओआय यातलं आपल्याला काय लागतं?

पुस्तिकेला, स्मरणिकेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक. तो १३ आकडी, भारतातले ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात, २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० आकडी दिसेल, तो चूक नाही, जसा आहे तसा भरा. आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो ऑनलाइन अर्जावर फुकट देते, त्यामुळे 'आयएसबीएन काढून देतो, एवढे पैसे' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. छापील आणि ई-आवृत्ती असेल तर दोघांना वेगळे नंबर.

त्रैमासिक, वार्षिक असं चालू राहणारं असेल तर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, आठ आकडी, तोही छापील आणि ऑनलाइनला वेगळा. तो अख्ख्या नियतकालिकाला असतो, प्रत्येक अंकाला नवीन मागायचा नाही.

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता. वेबसाइट बदलली तरी डीओआय तोच राहतो, मागची लिंक आपण बदलून द्यायची. डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सभासद व्हायला दरवर्षी पैसे लागतात, छोट्या मंडळाला झेनोडो ही फाइली ठेवायची साइट बरी, युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेली, फुकट डीओआय मिळतोय. आवृत्ती बदलली तर प्रत्येकीला वेगळा आणि सगळ्यांना मिळून एक असे डीओआय तिथे मिळतात, ती सोय फार कामाची आहे.

अंक आपलाच आहे, मग ऑनलाइन टाकायला लेखकाची परवानगी कशाला?

कारण अंक आपला असला तरी लेख लेखकाचा असतोय. छापायला दिला म्हणजे इंटरनेटवर टाकायला दिला असं आपोआप होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात. म्हणजे १९९५ साली 'लेख पाठवला आहे, छापावा' असं पोस्टकार्ड असलं तरी त्यावर वेबसाइट उभी राहत नाही.

लेखक हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो आणि मोजणी पुढच्या एक जानेवारीपासून. १९६४ ला गेलेल्या लेखकाचं लिखाण १ जानेवारी २०२५ ला मोकळं झालं. निनावी लेखाला प्रकाशनापासून ६० वर्षं.

प्रत्यक्षात काय होतं तर लेखकांच्या घरी जाऊन चहा घेतला की बहुतेक जण आनंदाने सही देतात, मुलं तर वडिलांचा लेख नेटवर येणार म्हणून खूश होतात. एकपानी संमतीपत्र मराठीत करा, त्यात ऑनलाइन, मुदत आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचं (इतरांना काय वापरायची मुभा ते सांगणारं तयार परवान्यांचं) कुठलं लायसन्स ते साध्या शब्दांत लिहा. परवानगी मिळेपर्यंत नोंद लावा, फाइल लावू नका. 'लेख मंडळाच्या ऑफिसात वाचायला मिळेल' एवढं लिहिलं तरी शोधणाऱ्याचं काम होतंय. फोटोंची परवानगी वेगळी, लेखात आहेत म्हणून लेखकाच्या सहीत येत नाहीत.

छापून आलेल्या लेखात चूक सापडली. पीडीएफ बदलून टाकू का?

गुपचूप नाही. कोणी त्या पानाचा दाखला देऊन प्रबंध लिहिला असेल आणि आपण मजकूरच बदलला तर तो खोटा पडेल. जुनी फाइल राहू द्या, दुरुस्ती वेगळी लावा आणि नोंदीत तारखेसकट लिहा. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, एखाद्या जुन्या स्मरणिकेत सन चुकून १९३० छापला असेल तर स्कॅन तसंच ठेवून वर्णनात 'छापील सन चुकीचा, बरोबर १९३१' असं टाकायचं. नोंदीतलीच टायपिंगची चूक असेल तर मात्र खुशाल बदला.

सदस्यांची डिरेक्टरी पण अपलोड करायची का?

नाही. पत्ते, फोन, जन्मतारखा असलेलं काहीच ऑनलाइन जाणार नाही. जुन्या स्मरणिकेच्या शेवटी अशी यादी असेल तर वाचकांच्या पीडीएफमधून ती पानं काढायची, मूळ स्कॅन आपल्याकडे, आणि नोंदीत 'अमुक पानं वगळली' असं स्पष्ट लिहायचं.

ग्रुपवर पीडीएफ टाकली की पोचलीच ना सगळ्यांना?

पोचली, आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या ढिगात गाडली पण गेली. पीडीएफ टाकू नका, नोंदीची लिंक टाका. फाइल फिरली की जुनी आवृत्तीच फिरत राहते.

सगळं जपून कसं ठेवायचं?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. शक्यतो दुसऱ्या गावातच. हार्डडिस्क पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका, सोलापूरचा मे महिना माणसांना सोसत नाही तिथे डिस्कचं काय. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क लावून दहा-वीस फाइली खरंच उघडून बघा. ज्यांची परवानगी आहे त्या इंटरनेट अर्काइव्हवर पण चढवा, १९९६ पासून चालू असलेली ना-नफा संस्था आहे.

याहून मोठा धोका पासवर्डचा. एका ओळखीच्या मंडळाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) एका पोराच्या खाजगी मेलवर घेतलेलं, पोरगं परदेशी गेलं, रिन्यूची मेल त्याला जात राहिली, आणि एके दिवशी मंडळाच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती. मेल आयडी मंडळाच्या नावाचा, पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे, रिन्यूची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा आणि पाकीट नवीन.

कॅटलॉग किती लोक बघतात ते कळतं का?

कळतं, पण मला त्याचं फारसं कौतुक नाही. काय शोधलं आणि काहीच सापडलं नाही ती यादी जास्त मोलाची, त्यावरून पुढचं काय भरायचं ते ठरतंय.

मला कॉम्प्युटर येत नाही, तरी मदत करू शकतो का?

होय की, तुमचीच जास्त गरज आहे. जुन्या फोटोंत मागच्या रांगेत कोण उभं आहे, टोपणनावाने लिहिणारे ते कोण, फोटोतली गल्ली साखर पेठेतली का जोडभावी पेठेतली, हे आम्हा टाइप करणाऱ्यांना कुठून कळणार. नोंदीचा प्रिंट काढून देतो, त्यावर लाल पेनाने लिहा आणि खाली तुमचं नाव टाका, कोणाच्या सांगण्यावरून माहिती भरली ते पण नोंदीत जातंय. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहितो, भांडण लावत नाही. दुरुस्त्या पंधरा दिवसांत चढतात, फक्त गड्ड्याच्या दिवसांत काम बंद असतंय, जानेवारीत दिलेलं फेब्रुवारीत बघितलं जाईल.